एकशे सत्तावीस खिळे

मंगळवार, ४

तळपायाची आग मस्तकात गेली आहे! आई बाजारातून नोटीस घेऊन आली. बाजाराच्या मैदानावर दोन मजली पार्किंग बांधणार. हरकत असेल तर सोमवारी अकराला नगरपालिकेत या. तीस वर्षं आई तिथे सुया, दोरे, बटणं, नाड्या विकते — मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा ते एक. तिने नगरपालिकेच्या इंजिनियरला विचारलं, मग आम्ही बसायचं कुठे? तो म्हणे, "मावशी, नकाशात इथे बाजार नाहीच."

आणि नोटिशीला जोडलेला नकाशा कुठला? आमचा! आम्ही हौशी मंडळी इंटरनेटवर फुकटात गल्लीबोळ रंगवतो, तो. मैदानावर चक्क 'पार्किंग'. कुठल्या गाढवाचा हा उद्योग? आई म्हणाली, "त्या गाढवाला एकदा माझ्यासमोर उभं कर."

तीन मिनिटांत पुसलं, 'बाजार' लिहिलं. हात झटकले. झालं!

बुधवार, ५

झालं कसलं, डोंबल! नियमकाकांनी माझा बदल उलटवला. आमच्या गटातले सगळ्यात ज्येष्ठ. नकाशा कचेरीतून निवृत्त, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. टीप लिहिली आहे : "दुपारी तीन वाजता स्वतः जाऊन आलो. गाड्या ४१. बाजार आढळला नाही. जमिनीवर दिसेल तेच नकाशावर."

अहो, बुधवारी बाजार नसतो! मी लिहिलं, उद्या सकाळी या. त्यावर उत्तर — "तंबू ठोकून चार तासांत निघून जाणारी सर्कसही दाखवायची का?"

सर्कस म्हणे! माझी आई सर्कशीत आहे होय?

गुरुवार, ६

मी कामाला आहे ते चष्म्याचं दुकान दहाला उघडतं, म्हणून सहालाच टेप घेऊन मैदानावर. वाटलं होतं, प्रत्येक विक्रेत्याचा एक ठिपका, ठिपक्यावर नाव. मग बघू कोण पुसतंय ते! आईला कौतुकाने सांगितलं. तिने बटणं निवडता निवडता मोडीत काढलं.

"माझं नाव नको घालूस. मी आजारी पडले की शेजारची फुलवाली इथे पसरते. मग काय नकाशाला विचारून बसायचं तिनं?"

"मग काय घालू?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू."

मी वैतागून तिच्या ताडपत्रीची दोरी ओढली, तर ती सुटेना. खाली वाकून बघते तर डांबरात रुतलेला जाड लोखंडी खिळा. डोकं घासून घासून गुळगुळीत. "हात नको लावूस, माझा आहे. तुझ्या जन्माच्या वर्षी ठोकलाय." फुलवालीचा वेगळा. भांडीवाल्याचे दोन. रांगच्या रांग!

ताडपत्र्या जातात. खिळे जात नाहीत. टेप तिथेच टाकून मी अक्षरशः नाचले. आई म्हणाली, "लोक बघतायत."

शुक्रवार, ७

दुकानात एका आजोबांना दुसऱ्याच बाईंचा चष्मा चढवला. डोक्यात नुसते खिळे!

पण दुपारी अर्धी रजा टाकली. बरोब्बर तीन वाजता, भर गाड्यांत, नियमकाकांना उभं केलं. म्हटलं, काका, जमिनीवर बघा. ते आधी चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढला, डांबरावर अंथरला आणि गुडघ्यांवर बसले. त्यानंतर काय! एकेका गाडीखाली वाकून मोजत सुटले, फोटो काढत सुटले. एका ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावली. एकशे सत्तावीस!

उठवायला मला हात द्यावा लागला. पॅंट काळीकुट्ट. म्हणाले, "आहे. जमिनीवर आहे." एवढंच. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शनिवार, ८

गटाची बैठक. दोन तास नुसती वादावादी! शेवटी ठरलं ते असं : सगळं मैदान मिळून एकच आकार, आणि तो बाजार. सोबत वार आणि वेळ. इतर वेळी पार्किंग, तेही त्याच नोंदीत. नळ, दोन वाटा, सावलीचं झाड दाखवायचं. माणसांची नावं नाहीत — हे आईचं, मी ठासून मांडलं. अकरापैकी अकरा हात वर! रंग नियमकाकांनी स्वतः भरला.

निघताना मी म्हटलं, काका, आधी पार्किंग कोणी लिहिलं होतं हो? ते खोकले. म्हणाले, "जुन्या नोंदी असतात. तुम्हीच बघा सवडीनं."

सोमवार, १०

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

इंजिनियरने नवा नकाशा पाहिला, खिळ्यांचे फोटो पाहिले, कपाळ खाजवलं. काका कडक इस्त्रीत, तोंडपाठ नियम. पण बाजी मारली आईने. सरळ उभी राहिली — "साहेब, दुपारी लावा की गाड्या, आम्ही कधी नाही म्हटलं? एकला उठतोच आम्ही. सकाळचं तेवढं आमचं राहू द्या." मग टाळ्या! बांधकाम बसथांब्यामागच्या पडीक जागेत हलवलं, आणि आराखड्यावर त्याने स्वतःच्या पेनाने लिहिलं : बाजार.

घरी येईपर्यंत आईने तो कागद सोडला नाही. जेवताना म्हणाली, "आता ते गाढव शोध."

मंगळवार, ११

संध्याकाळी जुन्या नोंदी उघडल्या. पार्किंग : नऊ वर्षांपूर्वीची नोंद. नाव माझं. नकाशावरचा माझा पहिलाच दिवस. घरी बसून, विमानातून काढलेल्या रविवारच्या फोटोवरून, एका दमात दोनशे आकार रंगवले होते. गाड्या दिसल्या, पार्किंग लिहिलं, पुढे गेले. आई तेव्हाही तिथेच बसत होती.

स्वयंपाकघरातून हाक येतेय — "काय गं, सापडलं का गाढव?"