तिसऱ्या बेसजवळचा नमस्कार

९ जून १९८६, सोमवार
हॅरी हो म्हणाला. म्हणजे तोंडाने हो नाही म्हणाला. म्हणाला, "अंगाला बसेल अशी पँट शोध." बेसबॉलमध्ये कोचसुद्धा खेळाडूंचाच गणवेश घालतो, अगदी मॅनेजरसुद्धा. हॅरी आमचा मॅनेजर, पोट सुटलेला, तरी अंगावर तेच पट्ट्यांचे कपडे.
सगळ्यांत लहान मापाची पँटही मला ढगळ. मी राहते त्या घरच्या नलूकाकूंनी शिवणयंत्र काढलं. "अमरावतीची मुलगी अमेरिकेत मास्टर्स करायला आली, आणि मी तिची विजार आखूड करतेय. तुझ्या बाबांनी विचारलं तर काय सांगू?"
मी म्हटलं, मी फोटो पाठवणारे.
शनिवारपासून तिसऱ्या बेसजवळची कोच मी. उन्हाळी लीग, कॉलेजची मुलं, पगार शून्य. चालेल. इतके दिवस सरावात नुसती चेंडू फेकत होते आणि लांब बॅटने जमिनीलगत टोले मारत होते, मुलांनी अडवायचे म्हणून. आता सामन्यात उभी राहणार.

११ जून
आरशासमोर खुणा. नाक, कान, बाही, पट्टा, भराभर. बहुतेक खोट्या, समोरच्या टीमला फसवायला. टोपीला हात लागला की त्याच्या पुढची एकच खरी. टोपी आणि मग छाती म्हणजे पिचरने चेंडू टाकला की टोल्याची वाट न बघता पळ, पुढचा बेस चोर. टोपी आणि मग कान म्हणजे थांब. हॅरी बाकावरून मला सांगणार, मी पळणाऱ्याला.
काकूंची मीना दारात उभी राहून बघत होती. पंधरा वर्षांची आहे, मराठी कळतं, बोलत नाही. "आई, शी इज डुइंग इट अगेन."
काकू जिन्यातून, "अंगात आलंय का ग?"

१४ जून, शनिवार
जिंकलो. माझ्या हातून काही चुकलं नाही. समोरच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "हनी, यू लॉस्ट?" आमचा बिली पहिल्या बेसवरून त्यांना काहीतरी बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.
 रात्र झाली तरी एका जागी बसवत नाही.

२२ जून
हॅरीला विचारलं, प्रोफेशनल टीमचा कोच होण्याचा रस्ता कोणता? सरळ विचारलं. तो सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत म्हणाला, "आधी खेळायचं. छोट्या लीगमध्ये, बसमधून फिरत. मोठ्या लीगचं बोलावणं कधीच येत नाही. मग गुडघा जातो. गुडघा गेला की कोणीतरी म्हणतं, त्या नव्या पोरांकडे बघशील का? की झालास कोच."
"आणि दुसरा रस्ता?"
"कॅचर हो. तो बॅट्समनच्या मागे बसतो, सगळं मैदान एकट्या त्याच्या डोळ्यांसमोर असतं. म्हणून मॅनेजर बरेचसे कॅचरच."
"मी सॉफ्टबॉल खेळले, पण कॅचर नव्हते. मला खेळू देणारी लीगही नाही."
"मग मला ठाऊक नाही."
मी म्हटलं, माझा गुडघा कुठे मोडून घ्यायचा ते तरी सांग. हसला. पहिल्यांदाच.
पण खरंच, रस्ता नाही म्हणजे काय? बाबा शाळेत शिपाई. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार बघितलं नव्हतं. तेव्हा तरी कुठे होता रस्ता?

२६ जून
मोठी बातमी. सप्टेंबरात एक प्रोफेशनल क्लब फ्लॉरिडात नव्या खेळाडूंचं शिबिर घेतोय, आणि ते हॅरीकडे आहे. सोबत एक मदतनीस नेता येईल. पगारी. अजून कोणाला विचारलं नाही म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला की सहज म्हणाला, कळलं नाही. दिवसभर तेच डोक्यात.

२९ जून, रविवार
जेवताना काका. "विजू, कॉम्प्युटरच्या कोर्सचं मी बोलून ठेवलंय. ऑगस्टात बॅच सुरू. सहा महिन्यांत माझ्याच ऑफिसात चिकटवतो तुला."
"काका, फ्लॉरिडाचं—"
"अगं यार, कोच व्हायला आधी खेळाडू असावं लागतं, तूच सांगितलंस ना? खेळ म्हणजे हौस. हौसेला मी कधी नाही म्हटलं?"
कधीच अडवलं नाही, हे खरं. हे आमच्या हेडमास्तरांचे धाकटे भाऊ. बाबांनी हेडमास्तरांकडे शब्द टाकला, यांनी दोन वर्षं तळघरातली खोली दिली, भाड्याचं नाव काढलं नाही. त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? भात वाढून घेतला.

५ जुलै, शनिवार
वाईट झालं. लिहिलंच पाहिजे.
शेवटचा डाव, दोघे बाद, तिसरा बाद झाला की संपलं. एका रनने मागे होतो. बिली पहिल्या बेसवर, पळण्यात आमचा सगळ्यांत तेज. आमच्या बॅट्समनच्या घामट हातातून बॅट निसटली आणि फिरत थेट माझ्याकडे आली. उडी मारली तरी पाय लागला. मी वाकले, बॅटला हात लावला, तो कपाळाला, मग छातीला. बॅट पोराच्या हातात दिली. सगळं आपोआप. पाय लागल्यावर कोणी विचार करून नमस्कार करतं का?
पुढच्या चेंडूवर बिली पळाला.
का पळाला, मला कळेना. दुसऱ्या बेसच्या पुष्कळ अलीकडे बाद. डाव संपला, सामना गेला.
बिली हेल्मेट आपटत, "तिने खूण दिली. टोपी, छाती. मी बघितलं."
आणि मग कळलं. कपाळावर टोपीच होती.
हॅरीने मला बाजूला घेतलं. मी सांगितलं.
"बॅटला पाय लागला म्हणून?"
"हो."
"म्हणजे तू बॅटची माफी मागितलीस."
"हो."
"मी जन्मभर बॅटी आपटणारी माणसं बघितली," म्हणाला. मग, "पुढच्या सामन्याला तू बाकावर."

७ जुलै
फ्लॉरिडाचं हॅरी काही बोलत नाही. मी विचारत नाही.

८ जुलै
सवय मोडायचं ठरवलं. खोलीत वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाय ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिले. मग पुस्तक. मग काकांच्या गॅरेजमधली जुनी बॅट. पाय ठेवायचा, काढायचा, हात खालीच.
पुस्तकाला जमेना. हात निघतोच.
काकू कपडे घेऊन खाली आल्या. पुस्तकावर माझा पाय. "हे काय चाललंय?" सांगितलं. त्यांना हसू येईल वाटलं होतं. नाही आलं. "त्या पोरांना शिकवायला निघालीस की आपलं शिकलेलं पुसायला?" पुस्तक उचललं, स्वतःच्या कपाळाला लावलं, फळीवर ठेवलं, वर गेल्या.
खंडेनवमीला बाबा शाळेतली खेळाची खोली झाडायचे. बॅटी, रिंगा, लेझमी ओळीने मांडून हळदकुंकू. सॉफ्टबॉलचे हातमोजेसुद्धा. मी पहिल्यांदा टीममध्ये आले तेव्हा माझा मोजा त्यांनी मधोमध ठेवला होता.
मग काय सोडायचं मी? आणि सोडलं नाही तर तिसऱ्या बेसवर कोण उभं करेल?

१२ जुलै
बाकावर बसले. प्रत्येक चेंडूची नोंद केली, कोणी मागितली नव्हती. तिसऱ्या बेसजवळ हॅरी स्वतः, लंगडत. हरलो.

१७ जुलै
सरावाआधी हॅरीने सगळ्यांना गोळा केलं. "आजपासून टोपीला अर्थ नाही. पट्ट्याला हात लागला की पुढची खूण खरी." पोरं कुरकुरली. बिली माझ्याकडे बघून, "बरं झालं, आता विजू टोपी हवी तेवढी खाजवेल."
सराव संपल्यावर मी गेले. "माझ्यासाठी टीमने बदलायला नको. मी सवय मोडतेय."
"तुझ्यासाठी? खुणा बदलतातच. समोरच्यांना कळायला लागतात." तोंड दुसरीकडे. "शनिवारी तिसऱ्या बेसवर तू."
खरं की नुसतं समजावणं? विचारावंसं वाटलं, धीर झाला नाही.

२६ जुलै
काकांनी कोर्सचा दिवस सांगितला, ४ ऑगस्ट. हॅरी माझ्याबद्दल क्लबशी बोलला. तिकडचे म्हणाले, बाई कपडे कुठे बदलणार? मी म्हटलं, घरून घालून येईन, पहिल्या दिवसापासून तेच तर करतेय. हॅरी म्हणाला, कपडे हा नुसता बहाणा आहे. "तू काय करू शकतेस हे त्यांना माहीत नाही. दाखवायला काहीतरी पाहिजे मला."
काय दाखवू?

२ ऑगस्ट, शनिवार
शेवटचा सामना. समोर ५ जुलैचीच टीम. बरोबरी, शेवटचा डाव, बिली पहिल्या बेसवर.
आमच्या बॅट्समनचा एक टोला रेषेबाहेरून घरंगळत माझ्याकडे आला. मी पायाने अडवला. अडवला आणि कळलं. हात खाली गेलाच. चेंडू उचलला, कपाळाला, छातीला, पंचाकडे फेकला. या वेळी मध्ये थांबता आलं असतं. थांबवावंसं वाटलं नाही.
बिली जागचा हलला नाही. हसत होता.
पण समोरचा मॅनेजर बाकावरून उठला आणि कॅचरला ओरडला. मागच्या वेळचं लक्षात होतं त्यांच्या. पुढचा चेंडू पिचरने मुद्दाम बाहेर टाकला, कॅचर उभा राहून दुसऱ्या बेसकडे फेकायच्या तयारीत. पळणारं कोणीच नाही. पुढच्यालाही तेच. दोन चेंडू फुकट, आणि असे चार झाले की बॅट्समनला पहिला बेस आयता. मग पिचरला सरळ टाकण्यावाचून इलाज नव्हता, आणि आमच्या पोराने तो उजव्या कुंपणापर्यंत पिटाळला. बिली बाकीचे बेस ओलांडून होम प्लेटपर्यंत धावला, रन झाला. जिंकलो.
पोरं अंगावर आली. हॅरी सगळ्यांत शेवटी. "मुद्दाम केलंस?"
"नाही. पाय लागला म्हणून."
"हे बोलू नकोस."
"का?"
"कारण मी आत्ता जाऊन क्लबला फोन करणार आहे. सांगणार आहे, माझ्या तिसऱ्या बेसच्या कोचने एक महिना आधी खोटी खूण पेरली आणि आज कापणी केली."
"पण ते खोटं आहे, हॅरी."
"अर्धं. आज मध्येच हात थांबवता आला नसता का तुला?"


३ ऑगस्ट, रविवार
हॅरीचा फोन. गोष्ट क्लबच्या माणसाला फार आवडली. उद्या सकाळी तो स्वतः मला फोन करणार आहे. हे तुला सुचलं कसं, ते त्याला तुझ्या तोंडून ऐकायचंय म्हणाला. "नीट सांग, विजू. यापेक्षा चांगली संधी मला देता येणार नाही."
सुचलं कसं!
दिवसभर अंगणात येरझाऱ्या. पेरली असं सांगितलं तर बहुतेक फ्लॉरिडा. मग तिथे रोज नवं काहीतरी पेरावं लागेल, आणि बाबांनी मध्ये ठेवलेला मोजा एक युक्ती होऊन बसेल. खरं सांगितलं तर त्यांना दिसेल बॅटला नमस्कार करणारी बाई, जिच्यामुळे एकदा सामना गेला. आणि उद्याच कोर्स.
काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतं?" थोड्या वेळाने, "तुझ्या बाबांनी काय सांगितलं असतं?"
बाबांनी फोनच उचलला नसता. घाबरले असते.

४ ऑगस्ट, सोमवार
गणवेश घालून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेय. का घातला, ठाऊक नाही. फोनवर तर दिसत नाही.
काका गाडीची किल्ली हातात घेऊन. "चल, पहिल्याच दिवशी उशीर नको."
म्हटलं, "काका, मी आज येत नाही." इतकं सोपं निघालं ते वाक्य. त्यांनी गणवेशाकडे बघितलं, मग काकूंकडे. काकूंनी त्यांना चहाचा कप दिला. "पिऊन जा. तुम्हाला उशीर झाला तर कोण रागावणार आहे?" ते बसले. रागावलेत की नाही, कळत नाही.
मीनाला मैत्रिणीला फोन करायचा होता. "फाइव्ह मिनिट्स." "अजिबात नाही," काकू.
पहिलं वाक्य ठरलंय. सर, चेंडूला पाय लागला म्हणून मी नमस्कार केला, युक्ती नव्हती. दुसरं वाक्य, पण समोरच्यांना ती खूण वाटली हे मी बघितलं होतं, आणि पुढच्या वेळी मला ते आधीच दिसेल. हे दुसरंही खरं आहे. पहिल्यानंतर तो माणूस फोन खाली ठेवणार नसेल तर—
वाजतोय.