बैठकीची माणसं चहाला गेली तेव्हा

मॅडम, आज सकाळी आमच्या घरी बैठक बसली. नवराबायकोच्या भांडणाची बैठक, आणि नवराबायको कोण, तर हे आणि मी. हसा तुम्ही. तुमच्या हाताखाली शिकलेली, अमरावतीत स्वतःची खोली थाटून लोकांचे संसार ऐकणारी बाई, आणि तिच्याच घरात दोन्हीकडची माणसं सतरंजीवर मांडी घालून बसलेली. भातकुलीहून माझा भाऊ आला, ह्यांचे मोठे भाऊ म्हणजे माझे भासरे आले, आणि त्यांच्यासोबत आणखी दोघं-तिघं, ज्यांचा आमच्या संसाराशी संबंध एवढाच की आमच्या लग्नात ते पंगतीत वाढायला होते. मी सगळ्यांना पाणी दिलं. लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

तुमची खोली आठवली. अकोल्याच्या जुन्या शहरातलं ते बांगड्यांचं दुकान, त्याच्या बाजूचा अंधारा जिना, वर तुम्ही. बाळापूरकडची एक जीप खाली थांबते आणि तिच्यातून सासू, मावसा, मामा, गावचा कोणी पुढारी असे एकामागून एक उतरत राहतात, नवराबायको सगळ्यात शेवटी. लोकांना वाटायचं समुपदेशन म्हणजे शहरातली बैठकच, फक्त निकाल देणारी बाई शिकलेली. तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून विचारता, "नवरा कोन? बायको कोन? तुमी दोघं वर या. बाकीच्यायनं खाली चहा प्या." मामा भडकतो, "आमी का इथं चहा प्याले आलो का?" तुम्ही म्हणता, "मंग नाश्ता करा." वर दोन खुर्च्या, दोन्ही खिडकीकडे तोंड करून. समोरासमोर बसवलं की माणसं कोर्टात उभी राहिल्यासारखी बोलतात, म्हणून शेजारी बसवायचं, असं तुमचं म्हणणं. मग तुमचा नेहमीचा प्रश्न, "कोन चुकलं ते नोका सांगू. तुमाले अंगात कुठी होऊन राहिलं ते सांगा." बापेमाणसं आधी हसायची. मग कोणी छातीवर हात ठेवायचं, कोणी गळ्यावर. खाली परत गेल्यावर मामा हमखास विचारणार, "काय निकाल लागला?" आणि ती दोघं तोवर जीपमध्ये जाऊन बसलेली असणार.

त्या जीपमधली बाई मी विसरले नाही. नवरा मारायचा नाही, शिव्या द्यायचा नाही, बोलायचाच नाही. ती म्हणाली, "मारलं असतं तरी चाललं असतं बाई, हात तं लागला असता." आणि मी रडले, तिच्या आधी. ती गेल्यावर तुम्ही दार लोटलंत. "तू कायले रडली?" मी म्हटलं, वाईट वाटलं मॅडम. "वाईट वाटलं तं घरी जाऊन वाटून घे. ते बाई आपलं ओझं घेऊन आली होती, आता तुह्यंही डोक्यावर घेऊन गेली. असंच करशीन तं दुसरं काम पाय." तुमचं बरोबर होतं, मी काही म्हणत नाही. अमरावतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी ठरवलं की आपलं काही मध्ये येऊ द्यायचं नाही, आणि नाही येऊ दिलं. ह्या बाबतीत मी भारी हुशार निघाले. दाराबाहेर चप्पल काढून ठेवावी तसं मी माझं वाटणं बाहेर काढून आत जायची. पुढेपुढे घरी परतताना ते पायात घालायचं राहून जाऊ लागलं. लोक म्हणायचे, मॅडम किती शांत आहेत. मलाही ते खरंच वाटायचं.

ह्यांची बदली अकोल्याला झाली. अर्धी अमरावती अपडाऊन करते, हेही करत होते. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "तिथं खोली पाहिली मी." मी म्हटलं, बरं. आणि अजून एक पोळी वाढली. नंतर गादी, बादली, दोन पातेली बांधून दिली आणि माझ्या खोलीवर गेले, तिथं एक जोडपं वाट पाहत होतं. भांडण झालं असतं तर निदान शेजाऱ्यांना काही कळलं असतं. झालंच नाही काही. हे गेल्यावर एकदा मी तुमच्या पद्धतीनं स्वतःला विचारून पाहिलं, अंगात कुठी होऊन राहिलं? छातीत नाही, गळ्यात नाही. पोटात फक्त भूक होती. मग मी वरणभात करून जेवले.

तर आजची बैठक. भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत, आमच्याकडची रीतच ती. ते माझ्या भावाकडे पाहून म्हणाले, "हा खोली सोडते. पन तुमच्या बहिनीले म्हना, संध्याकायचं ते लोकायचं ऐकायचं दुकान बंद करा. घरात बाईमानूस पायजे." माझा भाऊ मान डोलावून राहिला होता. हे पंख्याकडे पाहत होते. मला दिसलं की जेवणाच्या आत सगळं ठरणार, आणि आम्ही दोघंही ते ऐकणार, कारण दोघांकडेही दुसरं बोलायला काही नव्हतं. ही माणसं असंच ठरवून उठली तर आम्ही मरेपर्यंत एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहू, एवढं मात्र लख्ख कळलं. मी उठले आणि भावाला म्हटलं, "सगळ्यांले कोपऱ्यावर चहाले घेऊन जा. आमी दोघं बोलतो." तो म्हणाला, "घरचा चहा सोडून?" मी म्हटलं, घरात दूध नाही. फ्रिजमध्ये लिटरभर होतं.

खुर्च्या मी खिडकीकडे तोंड करून मांडल्या. कूलर घरघरत होता. मी म्हटलं, "तुम्ही बोला, मी ऐकते आहे. घाई नाही." हे म्हणाले, "पाय ना, हेच."

"काय हेच?"

"माह्याशी तू अशी बोलून राहिली, जशी पेशंटशी बोलते. मी काही सांगतलं का तू मान हालवते. मले वाटते आता घड्याळ पाहशीन अन् म्हनशीन, पुढच्या मंगळवारी या."

खोटं नव्हतं. मान तेव्हाही हलतच होती.

"मी खोली केली तवा तुले काय वाटलं, ते सांग ना एकडाव."

अशा वेळी बोलायची वाक्यं माझ्याकडे पोतंभर आहेत, मॅडम. एकही तोंडात येईना. "काहीच नाही वाटलं," मी म्हटलं. आता हे उठून जातील असं धरूनच चालले होते. हे उठले नाहीत. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मलेही नाही. खोलीवर गेलो तं वाटलं मोकळं वाटीन. नाही वाटलं. इथं आलो तं घरी आल्यासारखं नाही वाटलं. हे कोनाले सांगू? दादाले सांगू?" हे बोलत होते तोवर मी मान हलवली नाही. हलवली असती तर हे मधेच थांबले असते.

माणसं परत आली. भासऱ्यांनी दारातूनच विचारलं, "मंग, काय ठरलं?" हे म्हणाले, "काही नाही ठरलं दादा. जेवून जा." जेवले, पण रुसूनच गेले.

आता दुपार आहे. ह्यांची गाडी संध्याकाळची. म्हटलं, तुम्हाला विचारावं की दोघांनाही काही वाटत नसेल तर पुढचा प्रश्न कोणता. म्हणून हे लिहायला बसले. आणि लिहिता लिहिता मला तुमचा राग आला. तुम्ही मला रडू नको म्हणालात आणि परत कधी रडायचं ते सांगायच्या आधी मरून गेलात. ही काय रीत झाली? इतकी वर्षं मी लोकांना सांगते की माझ्या मॅडमनं मला घडवलं, आणि घडवताना तुम्ही काय काय तासून टाकलं ते पाहायला तुम्ही थांबल्याही नाहीत. कान तापलेत माझे. अक्षर पाहा कसं झालं. किती महिन्यांनी अंगात काही आलं, आणि ते आलं कोणावर, तर पार निघून गेलेल्या माणसावर.

हे आत बॅग भरून राहिले आहेत. पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही त्यात माझीच चूक काढली असती. कागद इथंच ठेवते आणि आत जाऊन ह्यांना सांगते की मला राग आला. कोणाचा, हे त्यांनी विचारायला पाहिजे. विचारतील का नाही, खरं सांगू मॅडम, त्याचं मले भेव वाटून राहिलं.