शिशाच्या रकान्यात ‘निरंक’

दिनांक : १८ मार्च, दुपारी सव्वाबारा

प्रति,
मा. मुख्य रसायनतज्ज्ञ,
पाणी तपासणी प्रयोगशाळा,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय : अहवालातील ‘निरंक’ या शब्दावर विसंबून घरचा फिल्टर निवडल्याबाबत व पाण्यातील शिशाची तपासणी आजच होण्याबाबत.

संदर्भ : आपला १२ डिसेंबरचा तपासणी अहवाल.

महोदय,

मी टाकीमागच्या गल्लीत राहते. माझी मुलगी सात महिन्यांची आहे. वरील विषयी सादर करते की,

१. मुलगी चार महिन्यांची असताना माझे दूध कमी पडले व तिला पावडरचे दूध सुरू केले. ते कालवायच्या पाण्यासाठी फिल्टर घ्यायला गेले. दुकानदार प्रामाणिक निघाला. “ताई, नुसते जंतू असतील तर हा लहान पुरे. धातू असतील तर तो मोठा लागेल. आधी पाणी तपासून आणा, उगाच माझ्या तोंडाकडे पाहून घेऊ नका,” असे म्हणाला. त्याप्रमाणे आपल्याकडे नमुना दिला. अहवालात जंतू आढळले. शिशापुढे मात्र ‘निरंक’ असा निळा शिक्का होता. निरंक म्हणजे काहीच नाही, असे समजून मी लहान फिल्टर घेतला.

२. सासूबाईंचा यंत्रावर विश्वास नाही. “यंत्र त्याचं काम करू दे, तू आपली उकळ,” असे त्या म्हणाल्या. म्हणून फिल्टरचे पाणीही रोज, पातेले निम्मे होईपर्यंत, उकळत आले.

३. परवा नळ बदलायला आलेल्या प्लंबरकाकांनी रस्त्यावरून घरात येणारी नळी चाकूने खरवडली. लोण्यासारखी सोलली गेली आणि आत लख्ख चमकली. “हे शिसं आहे, पोरी. अख्ख्या गल्लीला हीच नळी असणार,” ते म्हणाले. मी अहवाल दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि हात धुवायला आमचा नळ न वापरता निघून गेले.

४. काल आपल्या खिडकीवरील लिपिकांना विचारले. ते म्हणाले, “बाई, निरंक म्हणजे शून्य नव्हे. शिसं तपासायचं यंत्र बंद आहे. रकाना रिकामा ठेवला तर साहेब सही करत नाहीत, म्हणून निरंक.” किती दिवस बंद, असे विचारता त्यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवली. मी मागे मागे चाळत गेले. पाने संपली, शिक्का संपला नाही. आधी हाताने लिहीत, पण हात दुखू लागल्याने शिक्का करून घेतला, हेही त्यांनी सांगितले. माणूस वाईट नाही. मला बसायला खुर्ची दिली.

५. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, हे लिहिताना मान खाली जाते. उकळल्याने जंतू मरतात. शिसे कुठेही जात नाही. पाणी आटते आणि ते तेवढेच राहते. म्हणजे मी जितकी जास्त काळजी घेतली, तितके ते बाटलीत दाट होत गेले असावे. महिनाभर मुलीचे वजन वाढलेले नाही. डॉक्टर म्हणाले, दात येत असतील. दात आलेला नाही.

६. माझ्या अहवालाची झेरॉक्स गल्लीत फिरली होती व नऊ घरांनी हाच फिल्टर घेतला. एका घरची सून पाचव्या महिन्यात आहे. काल मी दारोदार जाऊन सांगितले. तिच्या सासूने मलाच सुनावले, “तुझ्यापेक्षा सरकारी शिक्क्याला जास्त कळतं.” सून मागे उभी होती. तिच्या हातात पेला होता आणि ती पीत होती.

तरी विनंती, की (अ) सोबतचे पाणी कुठूनही, कोणत्याही यंत्रावर आजच तपासावे; (ब) ज्यांना ज्यांना हा शिक्का मारून अहवाल दिला, त्यांना ‘तपासलेले नाही’ असे लेखी कळवावे, कारण माझे कोणी ऐकत नाही; (क) मुलीचे रक्त कुठे तपासून मिळेल ते सांगावे.

वरील बाबींना वेळ लागत असल्यास निदान पुढील एका प्रश्नाचे उत्तर तोंडी द्यावे. मी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आहे. मुलगी मांडीवर आहे. तिची दुधाची वेळ एकची आहे आणि पावडर कोरडी आणली आहे. ती कोणत्या पाण्यात कालवू?

उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र,
(सही)
अर्जदार, मुलीची आई

सोबत :
१. अहवालाची प्रत.
२. नळीचा खरवडलेला तुकडा, कागदात.
३. घरच्या नळाचे पाणी, एक लिटर. झाकणाला चिकटपट्टी लावली आहे. अर्ज टेबलावर राहिल्यास कृपया हे कोणी पिऊ नये.