जागेवर जाऊन पाहणी केली

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा रबरी शिक्के बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणीही भाग पाडलेले नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या दाखल्यावरचा शिक्का मीच बनवलेला आहे, तेव्हा त्याला किती मान द्यायचा ते वाचणाऱ्याने ठरवावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. छाती आता जिना चढू देत नाही, म्हणून ही घाई.

कलम १. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या मुलीला. जावयाला नव्हे, मुलीला. जावई माणूस वाईट नाही, पण देशाचा कुठलाही विषय निघाला की "आपल्याला काय करायचंय?" म्हणतो. मला त्याचा राग येतो, कारण मीही जन्मभर तेच केले, फक्त मोठ्या आवाजात. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी सरळ लागत नाही, खालून बुक्की मारून लावावी.

कलम २. बँकेत जे असेल तेही मुलीलाच. माझी शोकसभा घेऊ नये. 'कधीही भरून न येणारी पोकळी' हा शिक्का मी तीन संस्थांना करून दिला आहे.

कलम ३. अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या, रबर तापवायचे यंत्र आणि लाकडी मुठी समोरच्या वहीवाल्याला. त्याला यातल्या कशाचाही उपयोग नाही. पण तीस वर्षे माझ्या स्टुलावर बसून, माझाच चहा पिऊन, त्याने माझे प्रत्येक वाक्य खोडून काढले. मी सरकारला शिव्या दिल्या की म्हणायचा, "अरे, सरकार काय आभाळातून पडतं? तुझ्या-माझ्यातलीच माणसं जातात ना तिथे?" त्यावरून आम्ही दोनदा अबोला धरला. दोन्ही वेळा चूक त्याचीच होती, असे मी तेव्हा समजत होतो.

कलम ४. माझी राजकीय मते कुणालाही देत नाही. ती माझ्याबरोबरच जावीत.

पाच सरकारे पाहिली. प्रत्येकाने आल्या आल्या खात्यांची नावे बदलली, आणि प्रत्येक वेळी माझ्या दुकानापुढे शिपायांची रांग लागली. मी सरकारच्या नावाने बोटे मोडायचो आणि त्याच बोटांनी खिळे जुळवायचो. कागदविरहित कारभाराचे धोरण आले तेव्हा 'हे कार्यालय कागदविरहित आहे' असे दोनशे शिक्के माझ्याकडून गेले. ते मारणार कशावर, हे मी विचारले नाही. मतदान दर वेळी केले, आणि पुढची पाच वर्षे त्याच जोरावर तक्रार केली. वरचे चोर, मधले आळशी आणि आपण बिचारे, असे माझे पक्के मत होते. आता वाटते, बिचारा असणे हीसुद्धा एक नोकरीच आहे, आणि मी ती एक दिवस रजा न घेता केली. हा देश सुधारेल अशी मला आशा नाही. माझ्यासारखे फार आहेत.

कलम ५. बनवलेल्या प्रत्येक शिक्क्याचा पहिला ठसा मी वहीत उमटवून ठेवतो, खाली तारीख आणि नेणाऱ्याची सही. अशा चार वह्या आहेत. तिसऱ्या वहीतले एक पान हेच या मृत्युपत्राचे खरे कारण.

इमारत खात्याचा कारकून एके दिवशी मनगट चोळत दुकानात आला. प्रत्येक सरकारी इमारत दर सहा महिन्यांनी तपासायची असे नवे धोरण निघाले होते. इमारती तीनशे, आणि प्रत्येक फॉर्मवर तेच वाक्य हाताने लिहायचे. म्हणाला, "जीव जायची वेळ आलीय हो." मी म्हणालो, "एवढंच ना? शिक्काच करून देतो." वाक्यही मीच आटोपशीर केले: 'जागेवर जाऊन पाहणी केली. सर्व ठीक.' त्याने तो मागितला नव्हता. मला सुचला, आणि मला त्याचा अभिमान वाटला. वर्षभरात बाकीच्या खात्यांनीही नेला.

काही वर्षांनी तो झिजला म्हणून तोच कारकून दुसरा न्यायला आला. म्हणाला, "आता साहेब बघतसुद्धा नाहीत. शिपाईच वर्षाचे सगळे फॉर्म एका बैठकीत हाणतो." आम्ही दोघे पोट धरून हसलो. वहीवाल्यालाही मी ते तिखटमीठ लावून सांगितले. नवा शिक्का जरा मोठ्या मुठीचा दिला, शिपायाचा हात दुखू नये म्हणून.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बोट कापले म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खोलीत बाकावर बसलो असताना वरून गिलाव्याचा तुकडा खांद्यावर पडला. वर पाहिले. छताला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडा, आतली गंजलेली सळई उघडी पडलेली. मी शर्ट झटकला, "काय हे सरकार!" म्हणालो, शेजारच्या बाईने मान हलवली, आणि पट्टी बांधून घरी आलो. वहीवाला म्हणाला, "एक अर्ज टाक." मी म्हणालो, "अर्ज करून कुणाचं भलं झालंय?" त्या सगळ्या वर्षांत त्या छताची जागेवर जाऊन पाहणी करणारा मी एकटाच होतो.

पाच महिन्यांनी छत कोसळले. सकाळचे साडेदहा वाजले होते. बाकावर नऊ माणसे होती. त्यातली एक माझी भावजय, धाकट्याची बायको.

कलम ६. धाकट्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकिलाने सांगितले, आणि मला तो साक्षीदार म्हणूनच हवा आहे.

सात वर्षे तो एकच प्रश्न विचारत आहे: ते छत कुणी पाहिले होते? अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. उत्तर आले की आधी माझ्याकडे धावत येतो. "दादा, बघ, उत्तर आलंय. या वेळी काहीतरी होईल." उत्तरावर शिक्का असतो: 'नोंद घेतली. योग्य ती कार्यवाही सुरू आहे.' 'कार्यवाही'वरच्या रफाराचा शेंडा तुटका आहे. तो खिळा माझ्याच पेटीतला. मी म्हणतो, "हो रे, होईल." मग दोघे मिळून सरकारला शिव्या घालतो. माझे डोळे भरून आले की उलट तोच माझ्या पाठीवर हात ठेवतो. "दादा, तू फार जिवाला लावून घेतोस."

ते पान त्याला दिले असते तर चौकशी पहिल्याच वर्षी हलली असती. मी दिले नाही. शिक्का बनवणे हा गुन्हा नाही, असे वकील म्हणतो. गुन्हा असता तर बरे झाले असते, कुणीतरी मला धरायला आले असते. मला भीती तुरुंगाची नव्हती. धाकटा दुकानात यायचा बंद होईल, याची होती.

माझ्या पश्चात मुलीने तिसरी वही धाकट्याच्या हातात द्यावी. ती मालमत्ता नव्हे, पुरावा आहे, त्यामुळे वकिलाची हरकत नाही. पण मेल्यावर कबूल करणे कुणालाही जमेल. म्हणून आज चार वाजता मी त्याला बोलावले आहे. सही करायच्या जागेच्या बरोबर वर हे कलम येईल अशी पाने लावून ठेवली आहेत. मी समोर बसणार आहे. माझ्याच्याने तोंड उघडवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो वाचेल. सरकारी कागदावरचे बारीक अक्षरही न सोडणारा माणूस आहे तो. वाचून त्याने माझ्या थोबाडीत मारली तरी चालेल. मी जिवंत असताना मारावी, एवढीच इच्छा आहे.

वरील मजकूर माझा असून तो खरा आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: चौदा, सोमवार, दुपारी सव्वाचार
(सही) शिक्केवाला

साक्षीदार पहिला:
समोरचा वहीवाला. सगळी पाने वाचून, कलम तीनवरचा माझा हक्क सोडून सही केली. कलम पाचमधल्या त्या गोष्टीला मीही हसलो होतो.
(सही)

साक्षीदार दुसरा:
मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली, तेवढेच लिहितो. मजकूर मी वाचलेला नाही. दादाने लिहिला आहे, म्हणजे बरोबरच असणार.
(सही)