विटांवरची गाडी

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मग सगळ्या वेल्डिंगच्या टोळीला मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या बाबांनी उतारवयात कॅम्पर गाडी घेतली, आत झोपायला फळ्या, शेगडीचा ओटा, भांडी घासायचं टोपलं असं अख्खं घर असलेली, आणि तीही भंगारवाल्याच्या कुंपणातून ओढून आणलेली, यावर कुणाचा विश्वास बसेना. मुकादम म्हणाला, म्हणजे घरात तू एकटाच वेडा नाहीस तर.

बाबांना माझा निरोप सांग. सुतार माणूस लाकूड बघतो, पत्रा बघत नाही. रंगाला जिथे फुगवटा आलाय तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. आत गेला तर तेवढा पत्रा कापून टाकायचा, वरून पुट्टी थापायची नाही. इथे गोदीत आम्ही जहाजांची पोटं फाडतो ती याच्यासाठीच. झाकलेला गंज गप्प बसत नाही. आणि आतलं सामान हलक्या प्लायचं करा. बाबा जड लाकूड वापरणार, दिवाणखान्यातल्यासारखी कपाटं ठोकणार, आणि गाडी पहिल्याच चढावर बसकण मारणार, हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

पण घेतली कशाला, ते तू लिहिलंच नाहीस. आईला तर बसच्या दुसऱ्या थांब्यालाच मळमळतं.

मी बरा आहे. काम आवडतं, पण ही जागा आता पाठ झाली. तिकडे एका पुलाच्या कामावर माणसं घेतायत म्हणे. आईला एवढ्यात सांगू नकोस.

शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळेनं मला सोडलं ते त्याच्यामुळेच. लोभ ठेव, थोडा रागही ठेव, म्हणजे उत्तर लवकर येतं.

तुझा,
भिंगरी


ता. ३ मार्च

चि. भिंगरीस,
ताईचे अ. आ.

तुझा स्क्रूड्रायव्हर ड्रायव्हरच्या पायाखालीच मुठीपर्यंत आत गेला. बाबा त्या भोकात बोट घालून म्हणाले की कारट्याला लांबून दिसतं ते मला जवळून दिसलं नाही. कोपऱ्यावरच्या वेल्डरनं खालचा सगळा पत्रा बदलून दिला. गाडी आता अंगणात विटांवर उभी आहे. टायर अगदी शेवटी, निघायच्या दिवशी चढवायचे, नाहीतर उभ्या उभ्या खराब होतात असं बाबांचं म्हणणं. शाळेतून आले की मी खिडक्यांची रबरं बसवते. मुलांच्या वह्या तपासताना बोटं काळी असतात.

सामान प्लायचंच केलंय. पण पलंगांवरून रोज कटकट. बाबांची जुनी सवय तुला ठाऊक आहे, ज्याचा पलंग त्याला समोर उभं केल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही. आईचा झाला, माझा झाला, त्यांचा झाला. तुझ्या फळीची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, अंदाजानं करा. तर म्हणाले, घरातून गेला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, आता तो केवढा झालाय ते मला काय माहीत, आणि अंदाजानं शवपेटीसुद्धा कुणी करत नाही. आई त्यांच्यावर इतकी चिडली की दुपारचा चहा मिळाला नाही.

गाडी कशाला ते आईनंच सांगितलं. ती म्हणते, घर एका जागी उभं असतं म्हणून हा पळतो. घरच चालायला लागलं तर कदाचित आत बसेल. तिला कुठे जायचंय असं काही नाही. चौघं एका छपराखाली झोपायला हवीत, एवढंच. मी म्हटलं, आपणच गाडी घेऊन त्याच्याकडे जाऊ. तर म्हणाली, आपण पोचेपर्यंत तो तिथून निघालेला असेल.

आता खरं लिहिते. तिला जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फिरायला हरकत नाही, पण जायचं तर लवकर जा. रजा काढ. मस्करी पुरे.

आईनं तुझ्या गालाला हात लावलाय, असं लिहायला सांगितलं. लोभ आहे, तो तुझ्या येण्यानं वाढव.

तुझी,
ताई


ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मी पुलाच्या कामावर आलो. तुझं पत्र येण्याआधीच नाव देऊन बसलो होतो. इथे नवीन माणसाला इतक्यात रजा नाही. मागितली तर साहेब म्हणाला, कालच आलास आणि आज निघालास?

म्हणून एक युक्ती केली. सोबत सुतळी पाठवतोय. मी खांबाला पाठ लावून सरळ उभा राहिलो आणि आमच्या स्वयंपाक्यानं डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी ताणून कापली. दोन्ही टोकांना गाठ आहे. बाबांना म्हणावं, हा मी समोर उभा. फळी ठोका, टायर चढवा आणि आईला घेऊन निघा. माझी फळी रिकामी असली तर तिच्यावर भांडी ठेवा. पुढच्या फेरीला मी आहेच.

आईला सांग, इथे वारा छान आहे. पाण्याच्या वर बसून काम करतो म्हणजे पाय हलत राहतात, तेवढं बरं वाटतं. उंचीचं सांगू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, मी लायक नसलो तरी.

भिंगरी


ता. ३० जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

निरोप पुलावरच्या ऑफिसात दिला होता. तिथून कळलं की तू दुसरीकडे गेलास, कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. तुझ्यासाठी जेवढं थांबता आलं तेवढं थांबलो. हे पत्र गोदीतल्या तुझ्या जुन्या मुकादमाकडे पाठवतेय. तो शोधून देईन म्हणाला.

आई गेली.

तुझी सुतळी पोचली होती. बाबांनी ती फळीवर ताणून पेन्सिलीची खूणसुद्धा केली. आईनं त्यांच्या हातातून ती काढून घेतली. म्हणाली, हा पलंग झाला की तुम्ही मला त्याच्याशिवाय घेऊन जाल. सुतळी तिनं किल्ल्यांच्या जुडग्याला बांधली आणि जुडगा कमरेला. आम्ही दोघांनीही खूप समजावलं. ती म्हणायची, येईल, त्याचं मन कुठे लागतं? तिथूनही निघेल. निघालास, ते बरोबर होतं तिचं.

शेवटी शेवटी तिला घरात गुदमरायचं. मग ती गाडीतच निजायची, दार उघडं टाकून. दुपारी बाबा पुढे बसून इंजिन चालू करायचे. गाडी विटांवर, चाकं नाहीत, नुसती थरथरायची. आई डोळे मिटून विचारायची, कुठवर आलो? बाबा काहीही सांगायचे. डावीकडे तळं लागलंय, आता चढ आहे, पुढे फाटक बंद आहे म्हणून थांबलोय. जन्मात चार शब्द सलग न बोललेला माणूस. त्या दिवशीही तिनं विचारलं आणि बाबांनी सांगितलं, उतार लागलाय, आता त्रास नाही. मी शेजारी बसून होते. तिनं पुढचं विचारलं नाही. बाबांना ते कळलं नाही, ते तसेच वाट सांगत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही.

आता ते गाडीकडे फिरकत नाहीत. भंगारवाल्याला बोलवायचं म्हणतात.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. तरी तू जेवत जा.

ताई


ता. १४ जुलै

ती. बाबांस,
धाकट्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुम्हाला पहिल्यांदाच लिहितोय. आजवर ताईच्या पत्रात तुम्हाला निरोप घालत आलो, समोर यायची हिंमत नव्हती.

ताईचं पत्र मुकादम स्वतः घेऊन आला. आदल्याच दिवशी मी पुलानंतरच्या त्या तिसऱ्या जागेवरच्या माणसांना हसवत होतो. तेव्हा आईला जाऊन किती तरी दिवस झाले होते, आणि मी हसवत होतो. ते मनातून जात नाही. माझी पेटी मुकादमानंच उचलली आणि मला परत गोदीत आणलं.

भंगारवाल्याला बोलवू नका. मी येतो असंही लिहीत नाही. माझ्या ‘येतो’वर तुम्ही दोघांनी विश्वास ठेवावा असं मी काही ठेवलेलं नाही, आणि जिनं ठेवला तिचं काय झालं ते आपण पाहिलं.

तुम्ही निघा. टायर चढवा, ताईला शेजारी बसवा आणि गाडी इकडे आणा. ताईला सांगा, रस्त्यात जे जे लागेल ते बाबांना बोलून दाखव. आईच्या पलंगावर काही ठेवू नका.

तिसऱ्या जागेवरची टोळी पुढच्या कामाला गेली. मला बोलावत होते, मी नाही म्हणालो. गोदीच्या मोठ्या फाटकाला लागून वेल्डिंगची शेड आहे, तिच्यामागची खोली मुकादमानं मला दिलीय. सुट्टीच्या दिवशीही मी तिथेच असेन. कधी पोचाल ते कळवायचीसुद्धा गरज नाही.

लोभ मागायला तोंड नाही. फक्त या.

आपला, इथेच असलेला,
धाकटा