खिंडीतलं वशिंड

१२ मे
सुमननं धुळ्याहून तिचा जुना मोबाइल पाठवला. म्हणे, आई, कॅमेरा चांगला आहे, देवाचे फोटो काढ. देव काय पळून चाललेत? मी डोंगराचे काढणार.
मागच्या दारात दात घासताना हे रोज सांगायचे, सातपुड्याच्या खिंडीतून मागचा आणखी एक डोंगर दिसतो, बैलाच्या वशिंडासारखा. कुठे आहे, हे मी मुद्दाम माहेरच्या अहिराणीत विचारायचे, "कोठे शे?" चिडायचे. ते वारले तोपर्यंत मी थापाच म्हणत आले. आता फोटो काढून निकाल लावते.
पण आता मधे शेजारच्या नानांची केळी. भिंतच.

१५ मे
सकाळी धुरकट. डोंगरच गायब, खिंड कुठली. फोटोत केळीची पानं आणि माझं बोट.
दुपारी उन्हात मोबाइल तापून बंद पडला. माणसासारखाच.

१९ मे
वारा पडला, हवा जरा साफ. शिडी लावून पाण्याच्या टाकीवर चढले. डोंगर दिसला, पण खिंड मिटलेली. हे म्हणायचेच, दारातूनच दिसतं, जरा सरकलं की गेलं. सोयीची जागा शोधली होती बरं.
नाना बांधावरून ओरडले, "वहिनी, उतरा व! पडल्या तं पोरीले काय सांगू मी?"
म्हटलं, "तुमची केळी खाली बसवा, मग उतरते."
हसले. घड भरत आलेत, खुशीत आहेत.

२३ मे
आधी धूळ, मग काळं, मग आभाळ पिवळं झालं. हळदीसारखं. दोरीवरचे कपडे सोडून फोटोच काढत बसले. पिवळ्या उजेडात केळी अशी दिसली की काय सांगू.
मग वारा आला. पत्रे उडतात की काय. दाराला पाठ लावून बसले. पाणी थोडंच, वारा फार. नानांचं काय झालं असेल

२४ मे
मागचं दार उघडलं तर घरात लख्ख उजेड. कळेचना, काय बदललं. केळी आडवी. सारं वावर.
मी टाकीवरून काय बोलले होते. नाना बांधावर बसलेले, त्यांना आठवत नसावं. मला आठवलं. डोंगराकडे मान वर केली नाही.
नाना म्हणाले, "तलाठी यायच्या आत फोटो काढून ठेवा, वहिनी. सारं वावर आलं पाह्यजे."
सारं वावर माझ्या दारातूनच येतं. ते आडव्या केळीत जाऊन उभे राहिले, टोपी सरळ केली. मला राहवेना. "नाना, लग्नाचा नाही, नुकसानीचा आहे."
हसले. मग त्याच टोपीनं डोळे पुसले.

संध्याकाळी फोटो मोठे करून पाहत होते, नीट आलेत का. नानांच्या टोपीवर खिंड. खिंडीत काहीतरी निळं, गोल.
पळत दारात गेले. परत धुरकट.

२६ मे
तलाठी येऊन गेला, नानांचे फोटो कामी आले. मग भीत भीत त्यांना तो फोटो दाखवला. जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.
"तो सांगे तसंच हाय, वहिनी. वशिंडच."
मग म्हणे, "पन ढग बी असू शकते."
"एक काहीतरी सांगा ना, नाना."
"तुमच्या दोघाइच्या भांडनात मी आधी नाही पडलो, आता काहून पडू?"
औंदा त्या वावरात मूग पेरणार. केळीचं मन नाही म्हणतात. म्हणजे खिंड मोकळी राहणार. आनंद झाला. मग आनंद झाला म्हणून स्वतःचाच राग आला. त्यांना पिठलं-भाकरी नेऊन दिली.

३ जून
रोज दारात उभी राहते. ऊन, ढग, धूळ, परत ऊन. डोंगर घटकेत जवळ, घटकेत लांब.
डोंगर निघाला तर हा माणूस उभा संसार खरं बोलत होता. ढग निघाला तर मी जिंकले. पण जिंकून भांडू कोणाशी?

५ जून
सकाळपासून रिपरिप. आत्ता उघडतंय. खिंडीतला ढग सरकतोय, मागं काहीतरी आहे, का तोही ढगच
चहा उतू गेला वाटतं. जाऊ दे.
कोठे शे?