पाण्याने धरलेली जागा

खालापूर,
ता. १९ ऑगस्ट १९८२

चि. जयवंता हिस,
आबाचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बडोद्याला पाऊस कमी आहे हे वाचून बरं वाटलं, कारण तुझी छत्री इथेच खुंटीला राहिली आहे. बडोद्याला कोणी जातंय का, म्हणून आल्यागेल्याला विचारत होतो. कोणी जात नाही. इकडे सर्व ठीक. लावणी उरकली. गंगाआत्याचे गुडघे दुखतात, पण तोंड धडधाकट आहे.

दगडातून गॅस निघतो तर तुमच्या प्रयोगशाळेत भडका तर उडायचा नाही ना, असं मी विचारलं होतं. इथे विचारलं तर लोक हसले. तू हसली नाहीस, पानंच्या पानं लिहिलीस. माझी इयत्ता तिसरी. कळलं ते लिहितो, चुकलं तर कळव.

तो काळा, पापुद्र्यांचा दगड, तुम्ही म्हणता तो शेल, वरून गच्च दिसतो. पण आत डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात आणि गॅस त्यांत बसलेला असतो. नुसती भोकं असून भागत नाही, ती एकमेकांना लागलेली हवीत, नाहीतर गॅस जागच्या जागी कोंडतो. दगडात चिकणमाती फार असली की तो पाणी पितो, फुगतो, वाटा बुजतात. पाण्याने जागा धरली की गॅसला जागा उरत नाही. म्हणून तुम्ही दगड सुकवून तोलता, भिजवून पुन्हा तोलता, आणि किती पाणी प्यायला त्यावरून त्याची पारख करता.

हे गंगाला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आमी पोरीला शिकवली, आन् ती तिकडं दगडाला पाणी पाजते!" पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर तीच साऱ्या बायकांना सांगत होती.

वर ठीक लिहिलं, ते अगदी ठीक नव्हतं. घाबरू नकोस. मला दम लागत होता, उताणं झोपवत नव्हतं. कर्जतला दाखवलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, पाणी झालंय, पाठीतून सुईने काढावं लागेल. मी उठून सरळ घरी आलो. पाठीत सुई घातली की माणूस जातो, असं मी ऐकलेलं.

त्यानंतर तुझं हे पत्र आलं. एकदा ते गंगाला पुन्हा वाचून दाखवत होतो. 'पाण्याने जागा धरली की' इथवर आलो आणि धाप लागली. पुढचं वाचवेना. गंगा म्हणाली, "आरं धर्मा, दगडाचं तुला कळतं, आन् तुज्या छातीचं कळत नाय? ऊठ, चल."

गेलो. डॉक्टरांना विचारलं, माझ्या फुप्फुसाच्या भोकांत पाणी भरलं का? ते म्हणाले, "आत नाही बाबा, बाहेर साठलंय. बाहेरून दाबतंय." मग म्हणाले, "पण जागा धरली, हे खरं."

सुई टोचली तेव्हा मी ओरडलो, पण बसून राहिलो. फिक्या कोऱ्या चहासारखं पाणी निघालं. त्या दिवशी उताणा झोपलो आणि छातीभर श्वास घेतला. पोरी, तो श्वास तुझ्या पत्राचा. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला फक्त सुई कळली होती, तू सांगितलंस तेव्हा कारण कळलं. बापाने लेकीचे उपकार मानू नयेत, असं गंगा म्हणते. मी मानतो.

पाणी तपासायला मुंबईला गेलं आहे. बऱ्याचदा टीबी असतो, गोळ्यांनी जातो, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'बऱ्याचदा'वर माझं मन अडकलं आहे. रिपोर्ट यायला पंधरवडा तरी लागेल. गंगा म्हणते, तिला कळवू नको, नोकरी नवी आहे, रजा कुठली मिळायची. मीही न कळवायचं ठरवूनच लिहायला बसलो होतो.

रजा मिळाली तर ये. डॉक्टर मराठीत सांगतील, मला ऐकू येतं, तरी ये. जे काही असेल ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. तू सांगितलंस की मला कळतं, आणि कळलं की मी बसून राहतो.

येता आलं नाही तरी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

तुझा,
आबा